चर्चला पहिल्यांदा जाणार असाल तर आधी येशू कोण ते बघा, मग सर्व्हिस कळायला लागते

चर्चमध्ये नेमकं काय चालतं हे एकदा बघायचंय असं म्हणणारे बरेच असतात, कोणाच्या लग्नाला नाहीतर बाप्तिस्म्याला गेलेले असतात, सगळे उठले की उठतात, सगळे बसले की बसतात आणि बाहेर येऊन म्हणतात छान वाटलं पण कळलं काहीच नाही. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांचं पण फार वेगळं नसतं हां, कधी उठायचं, कधी आमेन म्हणायचं सगळं तोंडपाठ, पण हे का करतो असं कोणी विचारलं की इकडे तिकडे बघतात. हे दोघांसाठीही लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. येशू हा फक्त एक चांगला गुरू होता असं मनात धरून तुम्ही सर्व्हिसला, म्हणजे चर्चमधल्या एकत्र उपासनेला, बसलात तर अर्धी सर्व्हिस विचित्र वाटणार. कारण गुरूची शिकवण ऐकायला लेक्चर पुरतं ना, मग त्याला उद्देशून गाणी कशाला, त्याच्या नावाने प्रार्थना कशाला, आणि त्याचं शरीर नि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा हे तर अजूनच कशाला. ख्रिस्ती लोक येशूबद्दल काय मानतात ते ते सर्व्हिसमध्ये करून दाखवतात, त्यामुळे मानतात काय हे थोडं तरी माहीत असलं की मग प्रत्येक गोष्ट जागेवर बसते. म्हणून क्रम असा ठेवा, आधी घरी बसून थोडं वाचन, मग चर्च.

घरी काय वाचायचं

आख्खं बायबल वाचायला घेऊ नका, कृपा करून. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करतात लोक आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत येऊन बायबल कपाटात जातं. मार्कचं शुभवर्तमान घ्या, शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या आयुष्याबद्दलची बायबलमधली चार पुस्तकं. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, १६ अध्याय, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात आधी लिहिलेलं, साधारण इ.स. ७० च्या आसपासचं. दीड दोन तासात एका बैठकीत होतं आणि शक्यतो एका बैठकीतच वाचा, कारण मार्क घाईघाईत सांगतो, एक प्रसंग संपला की लगेच दुसरा, ती गती तुकड्या तुकड्यात वाचून जाते.

वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा, इथे लोक याला कोण समजतायत. जिथे जिथे कोणी तसं विचारतं किंवा सांगतं तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या अध्यायात चार माणसं छप्पर उघडून एका पक्षाघात झालेल्या माणसाला खाली सोडतात, सगळ्यांना वाटतं आता हा बरं करणार, आणि येशू काय म्हणतो तर तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथे बसलेले शास्त्री मनात चिडतात की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करणार, आणि गंमत म्हणजे त्यांचा मुद्दा बरोबर आहे. माझं कोणी नुकसान केलं तर मी त्याला माफ करू शकतो, पण तुमचं नुकसान करणाऱ्याला मी परस्पर कसं काय माफ करणार. मार्कला वाचकाने नेमका इथेच अडखळायला हवं असतं. चौथ्या अध्यायात वादळात हा होडीत उशीवर झोपलेला, उठून वाऱ्याला दटावतो आणि शिष्य वादळापेक्षा जास्त घाबरतात, हा आहे तरी कोण म्हणून. आठव्या अध्यायात म्हणजे बरोबर मध्यावर तो स्वतःच विचारतो की तुम्ही मला कोण म्हणता, त्याचा शिष्य पेत्र म्हणतो तू ख्रिस्त आहेस (म्हणजे यहुदी ज्याची वाट बघत होते तो मसीहा, देवाने निवडलेला राजा), आणि पुढच्या काही ओळींतच येशू आपल्याला दुःख सोसून मरावं लागणार असं सांगायला लागतो तेव्हा तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन रागावतो आणि सैताना मागे हो असं ऐकून घेतो. उत्तर बरोबर पण अर्थ चुकलेला! आणि मग १५ व्या अध्यायात येशू वधस्तंभावर मरतो तेव्हा हा देवाचा पुत्र होता असं म्हणणारा पहिला माणूस कोण, तर त्याला मारायला नेमलेल्या शिपायांचा रोमन अधिकारी. मार्कने सगळी गोष्ट या वाक्यापर्यंत आणून ठेवलीय असं मला वाटतं.

पण दुसऱ्या रंगाने अजून एक खूण करत जा, जिथे जिथे तो साधा माणूस दिसतो तिथे. त्याला भूक लागते, राग येतो, घरच्यांना वाटतं याचं डोकं फिरलंय, शेवटचा दिवस कधी येईल हे पुत्रालाही माहीत नाही असं तो स्वतः म्हणतो, गेथशेमाने बागेत मरणाच्या भीतीने व्याकूळ होतो, आणि वधस्तंभावर ओरडतो की माझ्या देवा तू मला का सोडलंस. या खुणा टाळून पुढे जाऊ नका, ख्रिस्ती लोकांनी त्या कधी खोडल्या नाहीत आणि पुढचा सगळा विचार या दोन रंगांना एकत्र धरूनच झालाय.

वेळ असेल तर अजून तीन छोटे तुकडे, योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या पहिल्या १८ ओळी, योहानाचाच २० वा अध्याय ज्यात शिष्य थोमा आधी विश्वास ठेवत नाही आणि मग येशूला माझा प्रभू माझा देव म्हणतो, आणि पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या ५ ते ११ ओळी. यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, का ते सांगतो.

दावा नेमका काय आहे

मुख्य प्रवाहातली चर्चेस, म्हणजे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल सगळी धरून, येशूबद्दल म्हणतात की तो पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे, आणि तरी एकच व्यक्ती आहे. इ.स. ४५१ मध्ये खाल्सेदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत हे शब्दांत बसवलं गेलं. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन, इथिओपियन अशा जुन्या चर्चेसना तिथली शब्दरचना पटली नाही आणि ते वेगळे राहिले, पण येशू देव आणि माणूस दोन्ही आहे हे तेही मानतात, भांडण होतं ते कसं म्हणायचं यावर.

ऐकणारा इथे साधारण तीन ठिकाणी घसरतो. अर्धा देव अर्धा माणूस, असं नाही. देव माणसाचं सोंग घेऊन फिरत होता, खरं दुखत वगैरे काही नव्हतं, असंही नाही, ही कल्पना तर पहिल्याच शतकात आली होती आणि योहानाच्या पत्रांत तिच्यावर सरळ हल्ला आहे. आणि एक भला माणूस होता, त्याला देवाने बढती दिली, असंही नाही. मग हे दोन्ही एका वेळी कसं शक्य आहे असं विचाराल तर प्रामाणिक ख्रिस्ती माणूस तुम्हाला सूत्र सांगेल आणि म्हणेल की हे गूढ आहे. कोणी फार सोपं उदाहरण देऊन सगळं सोडवून दाखवलं तर जरा सावध रहा, बहुतेक वेळा ते उदाहरण या तीनपैकी एका चुकीतच जाऊन पडतं.

एवढं कशाला ताणायचं असंही वाटेल. त्यामागचं लॉजिक तारणाचं आहे. माणूस पापात आणि मरणात अडकलाय, आणि त्याला बाहेर फक्त देवच काढू शकतो, म्हणून वाचवणारा देव हवा. पण वाचवायचंय माणसाला, म्हणून तो खरोखर माणूस हवा, शरीर मन इच्छा सगळ्यासकट. चौथ्या शतकातला नाझियान्झचा ग्रेगरी म्हणायचा की जे त्याने स्वतःवर घेतलं नाही ते बरंही झालं नाही. त्याच्या मरणाने नेमकं काय घडलं यावर मात्र एकच अधिकृत स्पष्टीकरण नाही, कोणी बलिदान म्हणतं, कोणी खंडणी भरून सोडवणं म्हणतं, कोणी मरणावरचा विजय म्हणतं, बायबलमध्ये ही सगळी चित्रं आहेत. पुनरुत्थानावर मात्र तडजोड नाही. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात १५ व्या अध्यायात सरळ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे.

आता ते एक, जे सारखं फॉरवर्ड होत असतं, की येशूला देव ठरवलं सम्राट कॉन्स्टंटाईनने, ३२५ साली नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन. परिषद झाली हे खरं, कॉन्स्टंटाईनने बोलावली हेही खरं. पण वाद कशावर होता ते बघा. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र, म्हणजे येशू, फार थोर आहे, सृष्टीच्या आधीचा आहे, पण तो निर्माण केलेला आहे, एक वेळ अशी होती की तो नव्हता. म्हणजे एरियसही त्याला नुसता माणूस म्हणत नव्हता! परिषदेने सांगितलं की पुत्र निर्माण केलेला नाही, पित्याशी एकतत्त्व आहे. आणि येशूची भक्ती त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. फिलिप्पैकरांस पत्र पहिल्या शतकाच्या मध्यातलं, येशूच्या मृत्यूनंतर साधारण तीस वर्षांच्या आतलं, आणि त्यात प्रत्येक गुडघा येशूच्या नावाने टेकेल असं आहे, बऱ्याच अभ्यासकांना तर ते त्याहून जुनं गीत वाटतं जे पौलाने उचलून पत्रात घातलं. लक्षात घ्या हे लोक यहुदी होते, देव एकच आहे हे रोज सकाळ संध्याकाळ म्हणणारे, दुसऱ्या कोणापुढे गुडघे टेकण्यापेक्षा मेलेलं बरं अशा परंपरेतले.

अजून एक पुरावा बाहेरच्या माणसाचा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काहीही प्रेम नव्हतं. धाकटा प्लिनी, आजच्या तुर्कस्तानात रोमन गव्हर्नर होता, साधारण इ.स. ११२ च्या सुमारास त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत त्याला कळलं होतं ते असं, ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, चोरी व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात, साधंच अन्न. नायसियाच्या दोनशे वर्षं आधी. आणि बघा, हे ख्रिस्ती लोक कोण याची चौकशी करायला गेला आणि त्याच्या हातात लागलं ते सर्व्हिसचं वर्णन.

मग सर्व्हिस कशासाठी असते

हजेरी लावायला नाही, हे पहिलं. देवाच्या वहीत बरोबरची खूण पडते आणि आठवडा चांगला जातो असं मानणारे आहेत, नाही असं नाही, पण चर्चची शिकवण ती नाही. देवाने आधीच काहीतरी केलंय, येशूत केलंय, आणि आपण एकत्र येऊन ते ऐकतो, त्याबद्दल आभार मानतो, त्याच्या मेजावर बसतो आणि मग बाहेर कामाला पाठवले जातो, सर्व्हिसचा गाभा एवढाच. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले पहिले शिष्य) दुसऱ्या अध्यायात ४२ व्या ओळीत पहिल्या ख्रिस्ती मंडळीबद्दल चार गोष्टी दिल्यात, प्रेषितांची शिकवण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. आजही कुठलीही सर्व्हिस घ्या, या चार गोष्टी कमी जास्त प्रमाणात सापडतात.

घरी एकट्याने प्रार्थना केली तर चालत नाही का, हे प्रत्येकजण विचारतो. चालते की, येशूनेच दार लावून प्रार्थना कर असं सांगितलंय. पण तोच येशू शब्बाथाला, म्हणजे यहुदींच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जायचा, आपल्या रिवाजाप्रमाणे असं लूक चौथ्या अध्यायात मुद्दाम लिहितो, आणि त्याने जी प्रार्थना शिकवली तिची सुरुवात आमच्या पित्या अशी आहे, माझ्या पित्या अशी नाही. इब्री लोकांस पत्रात तर एकत्र जमणं सोडू नका, काहीजणांनी सोडलंय, अशी ओळच आहे, म्हणजे कंटाळा करणारे तेव्हाही होते.

रविवार का, तर येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून. सुट्टी होती म्हणून नाही, कारण सुट्टी नव्हतीच, कॉन्स्टंटाईनने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला तो ३२१ साली, त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं लोक कामाच्या दिवशी पहाटे नाहीतर रात्री जमायचे. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक मात्र शनिवारीच जमतात.

साधारण १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या रोममधल्या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिताना रविवारी आम्ही काय करतो ते सांगितलंय. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचतात, मग पुढारी बोलतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणतात, पुढारी आभाराची प्रार्थना करतो, लोक आमेन म्हणतात, वाटप होतं आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक नेऊन देतात. ज्यांना परवडतं ते आपल्या इच्छेने पैसे देतात आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांच्यावर खर्च होतात. हे वाचून मग कॅथलिक मिस्साला किंवा अँग्लिकन उपासनेला जा, क्रम जवळजवळ तोच दिसेल, १८७० वर्षांत फर्निचर बदललं म्हणा हवं तर.

प्रत्यक्ष जाताना

चर्च कुठल्या परंपरेचं आहे ते आधी विचारा, फोन करून विचारलं तरी कोणी रागवत नाही. वेळ, भाषा, आणि त्या दिवशी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) आहे का, एवढं विचारा. कॅथलिक रविवारचा मिस्सा साधारण तासाभराचा, ऑर्थोडॉक्स लिटर्जी दीड दोन तास आणि बराच वेळ उभं राहून, पेंटेकॉस्टल मीटिंग किती चालेल ते त्यांनाही नक्की माहीत नसतं. क्वेकर नावाच्या गटाच्या बऱ्याच सभांत तर लोक शांत बसतात, कोणाला आतून वाटलं तरच तो उठून बोलतो.

दहा मिनिटं आधी पोचा आणि मागच्या बाजूला बसा, अगदी शेवटच्या बाकावर नाही, पुढे चार माणसं दिसतील असे, म्हणजे कधी उठायचं हा प्रश्न संपतो. सगळे उठले की उठणं हा शिष्टाचार आहे, तेवढं करा. गुडघे टेकणं, क्रुसाची खूण, आमेन म्हणणं यातलं काहीही तुम्हाला पटत नसताना करायची गरज नाही, कोणी बघतही नसतं. फोन सायलेंट, फोटो नको. दानाची थैली किंवा ताट पुढे आलं तर पुढे सरकवा, पाहुण्याने दिलंच पाहिजे असं काही नाही. डोकं झाकणं, चप्पल बाहेर काढणं हे चर्चप्रमाणे बदलतं, दारातच कळतं.

आता ऐकायचं काय. हे खरं महत्त्वाचं. प्रत्येक प्रार्थनेचा शेवट ऐका. सुरुवात बहुतेक वेळा पित्याला उद्देशून असते आणि शेवट असतो प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे किंवा येशूच्या नावाने मागतो, आणि जुन्या परंपरांत पुढे पवित्र आत्म्याचाही उल्लेख येतो. पित्याला, पुत्राच्या द्वारे, आत्म्यात. पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव हे त्रैक्य म्हणजे काय यावर जाडजूड पुस्तकं आहेत पण रविवारी साधा माणूस ते असं शेवटच्या ओळीत म्हणून मोकळा होतो. आणि काही प्रार्थना, काही गाणी थेट येशूलाच असतात, प्रभू दया कर, ये प्रभू येशू, त्याकडे लक्ष ठेवा, कारण नुसत्या गुरूला मेल्यावर कोणी हाक मारत नाही.

वाचन सुरू झालं की जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग), स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान असा क्रम बऱ्याच ठिकाणी असतो. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात कारण तिथे येशू स्वतः बोलतोय असं मानलं जातं. कॅथलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आहे, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधे मधे, जास्त करून ईस्टरच्या दिवसांत. म्हणजे काय वाचायचं ते त्या दिवशीच्या पाळकाच्या मूडवर नसतं, आणि मला ते बरं वाटतं.

प्रवचनाला एकच कसोटी लावा, यातून येशू काढून टाकला तर काही फरक पडला असता का. टाइम मॅनेजमेंट, चांगले विचार, कुटुंब कसं सांभाळावं, हे सगळं ठीक आहे पण ते कुठेही मिळतं. लांबलं तर वाईट वाटून घेऊ नका, त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता, प्रेषितांची कृत्ये अध्याय २० (वाचला हो तो).

विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो हे सांगणारा ठरलेला मजकूर, सगळे मिळून म्हणतील तेव्हा कागद किंवा स्क्रीन बघून नीट वाचा. नायसियावाला असेल तर देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश अशा ओळी ऐकू येतील, त्या एरियसला दिलेलं उत्तर आहेत. आणि मधेच पंतय पिलाताचं नाव येतं. येशू आणि मरिया सोडले तर त्यात नावाने येणारा तो एकटाच माणूस, तोही एक रोमन अधिकारी, साधारण २६ ते ३६ या काळात यहुदियाचा कारभार बघणारा. हे अमक्या ठिकाणी अमक्याच्या कारकिर्दीत घडलं, कुठल्यातरी पुराणकाळात नाही, हे ठसवायला ते नाव तिथे आहे. ज्या चर्चेसमध्ये विश्वासांगीकार म्हणत नाहीत, अर्धा तास गाणी आणि मग संदेश अशी पद्धत असते, तिथे गाण्यांचे शब्द वाचा. तिथला विश्वासांगीकार गाण्यांत असतो, चाल कितीही आजची असो.

प्रभुभोजन

इथे पाहुण्यांची सगळ्यात जास्त तारांबळ उडते म्हणून जरा सविस्तर. शेवटच्या रात्री येशूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली, हे माझं शरीर म्हणाला, प्याला घेऊन माझ्या रक्तातला नवा करार म्हणाला आणि माझ्या आठवणीसाठी हे करा असं सांगितलं. याची सगळ्यात जुनी लेखी नोंद शुभवर्तमानांत नाही तर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात ११ व्या अध्यायात आहे, इ.स. ५० च्या दशकातली. आणि ती आलीय कुठे, तर रागावताना. करिंथ शहरातल्या मंडळीत पैसेवाले लवकर येऊन खाऊन पिऊन टुन्न व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, पौल म्हणतो तुम्ही जमता त्याने भल्यापेक्षा नुकसानच होतं. माझ्या मते सर्व्हिसचा हेतू समजायला यासारखा उतारा नाही. येशूने सगळ्यांसाठी शरीर दिलं आणि तुम्ही त्याच्याच मेजावर शेजारच्याला उपाशी ठेवता, म्हणजे तो कोण हे तुम्हाला कळलंच नाही, असा तो वाद आहे.

भाकरीचं नेमकं काय होतं यावर चर्चेस वेगळी झालीत. कॅथलिक मानतात की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, दिसायला तसेच राहिले तरी. ऑर्थोडॉक्सही खरोखर मानतात पण कसं याची व्याख्या करायला फार उत्सुक नसतात. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ उभी करणाऱ्यांतही मतभेद होते, लूथर म्हणायचा शरीर भाकरीसोबत खरंच हजर असतं, झ्विंग्ली म्हणायचा ही आठवण आणि खूण आहे. दोघं १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला समोरासमोर बसले, १५ पैकी १४ मुद्द्यांवर जमलं आणि नेमकं यावर अडलं. कॅल्विन मधला, आत्म्याने खरोखर ख्रिस्ताशी भेट होते म्हणणारा. तुम्ही बघताना एवढंच बघा की उरलेल्या भाकरीचं काय करतात, त्यावरून ते चर्च काय मानतं ते लगेच कळतं. सोन्यारुप्याच्या कपाटात ठेवून समोर दिवा लावतात की साध्या डब्यात परत जाते.

घ्यायचं का, तर बाप्तिस्मा झालेला नसेल तर नाही, हे बहुतेक ठिकाणी लागू आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये साधारणपणे त्यांच्याच सभासदांना देतात, दुसऱ्या चर्चचा ख्रिस्ती असाल तरी थांबा. बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना आमंत्रण असतं, ते पुढून सांगतात. न घेणं हा अपमान नाही, जागेवर बसून रहा. काही ठिकाणी छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेलं की फक्त आशीर्वाद देतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शेवटी आशीर्वाद दिलेली साधी भाकर वाटतात, ती वेगळी, ती बऱ्याचदा पाहुण्यांनाही देतात, अनोळखी बाईमाणसं हातात आणून ठेवतात, घ्या खुशाल.

नंतर

संपल्यावर लगेच पळू नका, सहवास हा चारातला एक भाग आहे आणि तो बाहेर उभं राहून गप्पा मारताना जास्त दिसतो. पाळक किंवा फादर दाराशी असतात, त्यांना विचारा, आज वाचलं त्यात येशू कोण म्हणून दिसला, तुम्ही प्रार्थना येशूलाच का करता, प्रभुभोजनात काय घडतं असं तुम्ही मानता. चांगल्या पाळकाला असे प्रश्न आवडतात. येशू देव नाही, निर्माण केलेला आहे असं उत्तर आलं तर तुम्ही यहोवाच्या साक्षीदारांसारख्या वेगळ्या गटात आहात, वाद घालू नका पण फरक लक्षात ठेवा. मुसलमान त्याला मोठा संदेष्टा मानतात आणि यहुदी त्याला मसीहा मानत नाहीत, ती त्यांची स्पष्ट भूमिका आहे, तिला ख्रिस्ती भूमिकेत मिसळून सगळं एकच हो असं म्हटलं की तिघांवरही अन्याय होतो.

सावध कुठे व्हायचं तेही सांगतो. पुढाऱ्याचं नाव येशूपेक्षा जास्त वेळा ऐकू आलं, पैसे दिले की बरं होशील असं सांगितलं, औषध बंद कर म्हणाले, प्रश्न विचारल्यावर तुझा विश्वास कमी आहे असं उत्तर आलं, तर उठून निघून या. येशूने कोणाला बरं करायचे पैसे घेतल्याचं चारही शुभवर्तमानांत कुठेही नाही.

आणि एकदाच जाऊन मत बनवू नका, वेगळ्या परंपरेच्या एखाद दोन ठिकाणी पण जाऊन बघा. लोक पहिल्यांदा नाताळला जातात, मला तो दिवस पहिल्या भेटीसाठी फार बरा वाटत नाही, गर्दी असते, वर्षातून एकदा येणारे असतात, आणि बाळ सगळ्यांनाच गोड वाटतं, त्यात दावा दिसत नाही. त्यापेक्षा गुड फ्रायडे आणि ईस्टर अशी जोडी करा. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच होत नाही, वेदी उघडी असते, येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं आणि लोक एक एक करून क्रुसापाशी जातात. मग शनिवारी रात्री ईस्टरची जागरण उपासना, अंधारात बाहेर विस्तव पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या, मग उत्पत्तीपासून सुरू करून जुन्या करारातली सात वाचनं असू शकतात, नवीन लोकांचे बाप्तिस्मे होतात आणि शेवटी प्रभुभोजन. वर लिहिलेलं सगळं त्या एका रात्रीत बघायला मिळतं. दोन तीन तास सहज जातात, लहान मुलं सोबत असतील तर कडेची जागा धरा आणि त्यांना आधी जेवू घालून न्या.